वाजवी झीज

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी आमच्या घरी एक काम ठरलेले असे. माझी माय फडताळातून खणाचा एक बटवा काढी आणि त्यातले अकरा रुपये पितळी ताटात ओती. अकराही रुपये चांदीचे. ती ते चिंचेच्या कोळात भिजत घाली, मग चाळलेल्या राखेने एकेक रुपया अंगठ्याखाली घाशी, धुई आणि जुन्या धोतराच्या फडक्याने पुशी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते पाटावर मांडले जात, त्यांच्यावर हळदकुंकू आणि लाह्या-बत्तासे पडत, आणि भाऊबीज झाली की ते पुन्हा बटव्यात जात. वर्षाचे बाकीचे दिवस त्यांना कोणी हात लावीत नसे.

अकरांपैकी दोन रुपये ती अखेरीस घाशी. पहिला राणीछाप होता. पण राणी त्यावर होती असे म्हणण्यापेक्षा होऊन गेली होती असेच म्हणावे लागेल. मुकुटाची एक कड, गालाच्या जागी गुळगुळीत उंचवटा, आणि मागच्या बाजूला १८६२ हा आकडा, तोही रुपया तिरपा धरला तर दिसणारा. "हाऊ मना बापना रुपया शे," असे ती दर वर्षी सांगे, जणू आम्ही ते पहिल्यांदाच ऐकत आहोत.

माझे आजोबा सालदार होते. आमच्या खानदेशात सालदाराचे वर्ष आखाजीला संपते आणि आखाजीलाच सुरू होते. अशाच एका आखाजीला मालकाने हिशेब करून जे रुपये मोजून दिले त्यांत हा एक होता. आठवड्याच्या बाजारात दुकानदाराने तो तराजूत टाकला, दुसऱ्या पारड्यात एक नवा रुपया ठेवला आणि एक आणा कमी धरीन म्हणून सांगितले. आजोबा म्हणाले, "काम तर मी सोळा आण्यांचे केले आहे." त्यांनी रुपया पुन्हा धोतराच्या सोग्याला बांधला आणि पुढे कधीही बाजारात काढला नाही. दुसरा रुपया १९१८ सालचा, पंचम जॉर्जचा, जवळजवळ नवा. मायच्या लग्नात तो त्याच मालकाच्या घरून तिच्या हातावर ठेवला गेला होता.

गेल्या वर्षी माय गेली. भावंडांत वाटणीचे बोलणे निघाले तेव्हा या रुपयांची आज काय किंमत येते ते एकदा विचारून ठेवावे असे ठरले. तो बटवा घेऊन मी धुळ्याहून पारोळा, एरंडोल करीत जळगावला गेलो.

*

जळगावला जुन्या नाण्यांचा नाद असलेले एक वृद्ध गृहस्थ आहेत. सारे त्यांना अण्णा म्हणतात. त्यांनी टेबलावर मखमलीचा तुकडा अंथरला, दिवा जवळ ओढला आणि मी रुपया उचलताच म्हणाले, "कडेने धरा, मास्तर. पोटाला बोट लावू नका." त्या एका वाक्याने मला कळून चुकले की आमच्या घरातला रुपया आणि अण्णांच्या टेबलावरचा रुपया या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

नाण्याची प्रत कशी ठरवतात ते त्यांनी मला त्या दुपारी समजावून दिले. नाण्यावरील चित्राचे जे भाग सर्वांत उंच असतात ते आधी झिजतात. राणीच्या रुपयावर मुकुट, कानावरचे केस आणि खांद्यावरचे वस्त्र. राजाच्या रुपयावर मुकुट, दाढी आणि झग्यावरचे नक्षीकाम. भिंगातून आधी हे उंचवटे पाहावयाचे. मग नाणे दिव्याखाली हळूहळू कलते करावयाचे. टांकसाळीतल्या ठशाचा दाब पडला की धातू कडेकडे सरकतो आणि त्याच्या अंगावर डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक रेषा उठतात. त्या रेषा शाबूत असल्या म्हणजे उजेड नाण्यावर चाकाच्या आऱ्यांसारखा फिरतो. हे टांकसाळीचे तेज. ते एकदा गेले की कोणत्याही उपायाने परत येत नाही.

या सर्वांवरून संग्राहक पायऱ्या लावतात. त्यांची नावे इंग्रजीच रूढ आहेत आणि ती ऐकून एखाद्या शिक्षकाला हसू आल्यावाचून राहणार नाही. जे नाणे जवळजवळ सपाट झाले आहे, ज्यावर बाह्यरेषेपलीकडे फारसे काही उरलेले नाही, त्याला 'गुड' म्हणतात. त्याहून थोडे बरे ते 'व्हेरी गुड'. मग 'फाइन', 'व्हेरी फाइन', 'एक्स्ट्रीमली फाइन'. आणि या सगळ्यांच्या वर, शिखरावर, 'अनसर्क्युलेटेड', म्हणजे जे कधी चाललेच नाही ते नाणे. आम्ही वर्गात नापास होणाऱ्या मुलाच्या प्रगतिपुस्तकावर 'प्रयत्न करतो' असे लिहितो, त्याच जातीचे हे 'गुड' आहे.

मला सर्वांत अधिक खटकला तो शेवटचा शब्द. आपल्या भाषेत न चालणारे नाणे म्हणजे खोटे नाणे. ज्याला बाजारात कोणी हात लावीत नाही, जे वाजवून पाहताच परत दिले जाते, ते न चालणारे. येथे न चाललेले तेच सर्वश्रेष्ठ! ज्या रुपयाने सत्तर वर्षे पिठामिठाचे, बियाण्याचे, औषधाचे, लग्नाचे आणि तिरडीचे व्यवहार पार पाडले तो तळाला, आणि जो हंड्यात पडून राहिला तो शिखरावर. वर्गाच्या फळ्यावर मी किती वेळा सुविचार लिहिला असेल की चंदनासारखे झिजावे. अण्णांच्या टेबलावर तो सुविचार पार उलटा झाला होता.

मी तसे बोलूनही दाखवले. अण्णा हसले, आणि माझ्या आजोबांचा रुपया व मालकाचा रुपया त्यांनी शेजारी शेजारी ठेवले. "यांतला कोणता चांगला हे मी सांगत नाही, मास्तर. कोणत्यावर ठसा किती उरला आहे तेवढेच सांगतो. ठसा कोरणाऱ्याने काय कोरले होते ते मला पाहायचे असेल तर मी तुमच्या आजोबांचा रुपया घेऊन काय करू?"

हे उत्तर मला तेव्हा पळवाटीसारखे वाटले. परतीच्या एस. टी.त विचार करताना मात्र त्यात तथ्य आहे असे वाटू लागले. संग्राहक नाण्याला बक्षीस देत नसतो. तो एका हरवत चाललेल्या गोष्टीचा शिल्लक अंश मोजीत असतो. धुळ्याला ज्यांनी आपले अखेरचे दिवस काढले आणि १९२६ साली जेथे देह ठेवला त्या इतिहासाचार्य राजवाड्यांनी जन्मभर कसर लागलेली दप्तरे गोळा केली. त्यांनाही कागद कोरा करकरीत नको होता. पण अक्षर उरलेले हवे होते. अक्षर पुसले गेलेल्या कागदाने कितीही सेवा केलेली असो, इतिहासकाराला तो वाचता येत नाही. यात कागदाचा अपमान नाही.

*

त्या दुपारी खरी आश्चर्याची गोष्ट पुढेच घडली. मालकाच्या घरचा तो नवा रुपया अण्णांनी दिव्याखाली कलता केला आणि एकदम विचारले, "हे काय केले? चिंच?"

मी हो म्हणालो.

"मग याला प्रत नाही," असे म्हणून त्यांनी तो खाली ठेवला.

त्यांच्या हिशेबात झीज आणि इजा या दोन भिन्न गोष्टी आहेत. हातोहात फिरून झिजलेल्या नाण्याची पायरी खाली येते, पण ते पायऱ्यांवर राहते. भोक पाडलेले, कानस लावलेले, घासून चकचकीत केलेले नाणे पायऱ्यांवरून खालीच उतरवले जाते. सातपुड्यातल्या पावरा आणि भिल्ल स्त्रियांच्या गळ्यात रुपयांच्या माळा असतात. त्यातल्या रुपयांना कडी डाखलेली असते म्हणून त्यांचीही तीच गत. अनुभवी संग्राहकाला सर्वांत अधिक तिटकारा असतो तो घासून नवा केलेल्या जुन्या नाण्याचा. मळके, काळवंडलेले नाणे त्याला चालते. ते जितके जुने आहे तितके जुने दिसते, इतकेच त्याचे मागणे असते.

हे ऐकून माझा राग निम्मा उतरला. ज्या शास्त्राला मी आळसाचा गौरव करणारे शास्त्र समजत होतो त्यात प्रामाणिकपणाला एवढे स्थान आहे हे मला ठाऊक नव्हते. सरळपणे झिजलेल्याला खालची का होईना, पण जागा आहे. उसन्या तेजाला जागाच नाही.

परंतु याच ठिकाणी एक अडचणही आहे. माझ्या मायने तो रुपया कोणाला फसवण्यासाठी घासला नव्हता. तिने तो लक्ष्मीसाठी घासला होता. लबाडीने घासलेला रुपया आणि भक्तीने घासलेला रुपया भिंगाखाली सारखेच दिसतात, कारण ओरखड्याला हेतू नसतो. हेतू माणसाला असतो, आणि माणूस टेबलावर नसतो. आणखी एक गंमत माझ्या मागाहून ध्यानात आली. पन्नास दिवाळ्यांत माझ्या मायने चिंच आणि राख यांच्या साहाय्याने मालकाचा रुपया आणि सालदाराचा रुपया एका पंक्तीला आणून बसवले होते. अण्णांच्या लेखी दोहोंनाही प्रत नव्हती.

*

झीज मोजण्याची रीत संग्राहकांनी काढली असे नाही. ती त्यांच्या फार आधीपासून बाजारात होती, आणि तेथे ती शोभेची नव्हती, पोटाची होती. पेशवाईत आपल्या मुलुखात अनेक टांकसाळींचे रुपये चालत. चांदवडी रुपया, अंकुशी रुपया, हाली रुपया. प्रत्येकाचा भाव निराळा. एका रुपयाचा दुसरा करून घेताना सराफ बट्टा कापी. झिजलेल्या रुपयावर बट्टा, परक्या टांकसाळीच्या रुपयावर बट्टा. चांदी खरी की खोटी हे पाहण्यासाठी सराफ रुपयावर बारीक ठसा मारीत. अशा ठशांनी भरलेले रुपये आजही पुष्कळ सापडतात, आणि संग्राहक त्यांची प्रत उतरवतात. वस्तुतः तो प्रत्येक ठसा म्हणजे एका पारखी माणसाने 'हे खरे आहे' म्हणून दिलेली साक्ष होती.

ठसा कोणी मारला यावर मात्र पुष्कळ काही अवलंबून असते. १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. सुमारे तेरा हजारांवर नाणी होती, सगळी क्षत्रप नहपानाची. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर, नहपानाच्या मुखवट्यावरच, गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा उमटवलेला होता. अण्णांचा नियम कडकपणे लावला तर ही सारी नाणी इजा झालेली ठरतील. पण तसे कोणी म्हणत नाही, आणि म्हणूही नये, कारण एका राजाने दुसऱ्याचा पराभव केल्याचा तो धातूवरचा पुरावा आहे. राजाने मारलेला ठसा इतिहास होतो आणि सराफाने मारलेला ठसा डाग होतो. मग ज्या हजारो माणसांच्या बोटांनी राणीचे नाक पुसून टाकले त्यांचा तर ठसाही नाही. त्यांनी काही मारले नाही. नुसते घेतले आणि दिले.

पुढे १८३५ साली कंपनी सरकारने सर्व मुलुखासाठी एकच रुपया ठरवला. वजन १८० ग्रेन, त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. हेच वजन तोळ्याचे. म्हणजे रुपया हा नुसता पैसा नव्हता, तो वजनही होता. खेड्यापाड्यांत सोनेचांदी आणि औषधे रुपयाभार म्हणून तोलली जात. आता विचार करा, अशा व्यवहारात झिजलेला रुपया पारड्यात टाकला तर घेणाऱ्याला माल कमी मिळणार. झीज दिसायला कितीही निष्पाप असली तरी तिचे नुकसान कोणाच्या तरी पदरात पडतेच. प्रश्न एवढाच की ते कोणाच्या पदरात पडावे.

या प्रश्नाचे उत्तर मला ज्या ठिकाणी सापडेल असे वाटले नव्हते तेथे सापडले. १९०६ चा नाण्यांचा कायदा पुढे शंभरांहून अधिक वर्षे, २०११ चा नवा कायदा येईपर्यंत, आपल्याकडे लागू होता. त्या कायद्यात वाजवी झिजेची मर्यादा अशी एक कल्पना आहे. ठरलेल्या मर्यादेच्या आत झिजलेला रुपया पुऱ्या सोळा आण्यांचा मानावयाचा. ज्याला लबाडीने कानस लावली आहे किंवा कातरले आहे त्या रुपयाचे नुकसान मात्र तो घेऊन येणाऱ्याने सोसावयाचे. परक्या सरकारचा, रुक्ष भाषेतला कायदा. पण त्यात एक मोठी नीती आहे असे मला वाटते. नाणे शंभर हातांतून फिरले, शंभर जणांनी त्याचा उपयोग करून घेतला, थोडे थोडे सर्वांनी झिजवले. मग ते ज्या शेवटच्या माणसाच्या हाती आले त्यानेच सगळी झीज का सोसावी? ती सर्वांची आहे. सर्वांच्या वतीने खजिन्याने सोसावी.

कायदा खजिन्यात राहिला आणि बाजारात आजोबांच्या रुपयावर एक आणा कापला गेला. तो रुपया आजोबांच्याच वाट्याला का यावा, यातही योगायोग नव्हता. ग्रेशमचा नियम म्हणून अर्थशास्त्रात एक नियम आहे: वाईट नाणे चांगल्या नाण्याला बाजारातून घालवते. दोन रुपये हातात असले तर माणूस झिजका रुपया देऊन टाकतो आणि चांगला ठेवतो. परंतु ठेवील कोण? ज्याच्याजवळ दोन आहेत तो. ज्याच्याजवळ एकच आहे त्याला निवड नाही. मालकाने झिजका रुपया सालदाराला मोजून दिला आणि १९१८ चा हंड्यात ठेवला. पुढे तोच त्याच्या सुनेने औदार्याने माझ्या मायच्या हातावर ठेवला. न चाललेले नाणे आपोआप तसे राहत नाही. ते न चालवण्याची ज्याला ऐपत होती त्याने ते राखलेले असते.

म्हणूनच झिजण्याचे फार कौतुक करू नये असेही आता मला वाटते. चंदनासारखे झिजावे हे सांगणारे बहुधा सहाण आपल्या हाती ठेवून बोलत असतात.

*

आज जगभर नाण्यांच्या प्रतीसाठी एक ते सत्तर अशी जी मोजणी वापरतात ती विल्यम शेल्डन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४९ साली सुचवली. त्याला अमेरिकेतल्या जुन्या तांब्याच्या सेंटांचा नाद होता. ज्या नाण्याची जेमतेम ओळख पटते त्याची किंमत एक धरली तर अगदी निर्दोष नाण्याची सत्तर, असा त्याचा हिशेब. बाजारभावांनी तो हिशेब लवकरच मोडला, पण आकडे टिकले. या शेल्डनने माणसांच्या देहांनाही आकडे लावले होते. प्रत्येक देहाला तीन आकडे, प्रत्येक आकडा एक ते सातपर्यंत, आणि त्यांवरून माणसाचा स्वभाव सांगता येतो असा त्याचा दावा होता. शास्त्राने तो पुढे मानला नाही. शेल्डन १९७७ साली वारला. त्यानंतर उघडकीस आले की अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातली उत्तम सेंट काढून त्याने त्यांच्या जागी आपली हलकी नाणी ठेवली होती. पुढे ती संस्था न्यायालयात गेली आणि ज्या संग्राहकाकडे ती नाणी गेली होती त्याच्याविरुद्ध निकाल मिळवून आली.

ही हकीकत वाचून एखादा म्हणेल, पाहा, मोजणाराच चोर निघाला! मला त्यात तेवढेच दिसत नाही. नाण्यातला केसाएवढा फरक ज्याला दिसत होता त्याच माणसाने त्या फरकाचा फायदा घेतला. नजर तीक्ष्ण असणे आणि निवाडा सरळ असणे या दोन गोष्टी एकत्र असतीलच असे नाही. नाणेवाल्यांत म्हणतात की विकणाऱ्याच्या हातात नाणे एक पायरी वर चढते आणि घेणाऱ्याच्या हातात एक पायरी उतरते. म्हणूनच अमेरिकेत १९८६ पासून तिऱ्हाइताकडून प्रत ठरवून घेऊन नाणे पारदर्शक डबीत बंद करण्याची पद्धत वाढली. पण तिऱ्हाईत सगळीकडे मिळत नाही. वर्गात तर मुळीच मिळत नाही. तेथे मोजणारा एकटाच असतो, आणि त्याच्या हाती लाल शाई असते.

*

मी नोकरीच्या पहिल्या वर्षांत यावल तालुक्यातल्या एका खेड्यात शिकवीत होतो. सगळा केळीचा मुलूख. वह्या तपासताना पंचवीसपैकी पाच गुण मी टापटिपीला ठेवले होते. वर्गात एक मुलगा होता. गणितात हुशार, पण वही अशी की हातात धरवू नये. पानापानावर काळे डाग. मी त्याला टापटिपीचा एक गुण दिला आणि वर्गासमोर दोन शब्दही सुनावले. केळीच्या चिकाचा डाग कपड्यावरून जात नाही, कागदावरून तर नाहीच, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते असे नाही. तो मुलगा पहाटे बापाबरोबर केळीच्या कापणीला जातो हेही गावात सर्वांना ठाऊक होते. मी ते त्याच्या वहीशी जोडून पाहिले नव्हते, एवढेच.

पुढच्या तपासणीला त्याने स्वच्छ वही आणली. सुरेख अक्षर, एकही डाग नाही. मी पाचांपैकी पाच दिले आणि ती वही उंच धरून वर्गाला दाखवली. वहीत पाने थोडीच भरलेली होती हे माझ्या लक्षात आले होते; पण माझा उपदेश फळाला आला या आनंदात मी तिकडे फारसे पाहिले नाही. काही दिवसांनी मधल्या सुट्टीत त्याच्या दप्तरातून एक वही खाली पडली. जुनीच, डागांची. मी उघडून पाहिली तर पुस्तकातली सगळी गणिते, मी न शिकवलेल्या प्रकरणांचीसुद्धा, सोडवलेली. मी विचारले, "दोन वह्या कशाला रे?"

तो म्हणाला, "ही माझी, गुरुजी. ती तुमची."

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. माझ्या बाजारात कोणते नाणे चालते ते त्याने ओळखले होते आणि ते मला आणून दिले होते. मी त्याला खोटे तेज शिकवले होते. अण्णांनी ज्याला प्रतच नाकारली असती त्याला मी पाचांपैकी पाच दिले होते.

ती वही अण्णांच्या टेबलावर ठेवली तर तिची प्रत खालची लागेल, आणि ते योग्यच होईल, कारण अण्णा वहीला प्रश्न विचारू शकत नाहीत. माझी गोष्ट तशी नव्हती. माझ्यासमोर वही नव्हती, मुलगा होता. नाणे बोलत नाही म्हणून भिंग लागते. मूल बोलते; त्याला विचारावे लागते, आणि मी विचारले नव्हते. त्याच्या पहाटेच्या श्रमांवर बागायतदाराचे केळ बाजारात जात होते, बापाचे घर चालत होते, आणि गावातल्या ज्या व्यापारावर शाळेची वर्गणी जमे तोही त्या केळीवरच होता. झीज सगळ्यांनी मिळून केलेली होती. तिचा बट्टा मी एकट्या त्या दहा वर्षांच्या मुलाकडून कापून घेतला. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो शाळेत आला नाही. त्याचे कारण माझा तो एक गुण होता असे म्हणण्याइतका मी स्वतःला मोठा समजत नाही. पण दुकानदाराने कापलेला एक आणा आमच्या घरात तीन पिढ्या आठवला गेला, हे मला माहीत आहे.

त्या वर्षापासून मी टापटिपीचे गुण बंद केले नाहीत. स्वच्छ अक्षर ही चांगली गोष्ट आहे आणि ती शिकवावी लागते. परंतु वही मळकी दिसली तर मी मुलाला जवळ बोलावतो आणि डाग कशाचा ते विचारतो. पुष्कळदा तो आळसाचाच असतो. दौत सांडलेली असते, वहीवर डबा ठेवलेला असतो. तेव्हा मी गुण कापतो. वाजवी झिजेलाही मर्यादा असते हे कायद्यानेच सांगितले आहे. कधी कधी मात्र डाग निराळा निघतो, आणि तेव्हा माझी लाल लेखणी थोडा वेळ तशीच हातात राहते.

रुपये आम्ही विकले नाहीत. भावंडांनी बटवा माझ्याकडे ठेवावयाचा ठरवला. अण्णांनी निघताना बजावले होते की आता तरी त्यांना चिंच लावू नका. त्यांच्या दृष्टीने ते बरोबर आहे, आणि ते रुपये कोणाला विकावयाचे असते तर मीही ती आज्ञा पाळली असती. घासलेले नाणे नवे म्हणून दाखवणे ही लबाडीच आहे. पण ते विकावयाचे नाहीत. राणीचा जो थोडासा गाल उरला आहे त्यातला काही भाग बाजाराने नेला असेल, तसा काही भाग मायच्या अंगठ्यानेही नेला आहे. ती झीजही मला वाजवीच वाटते.

यंदा माझ्या मुलीने चिंच भिजत घातली आहे. ताटात अकरा रुपये आहेत. त्यातले दोन तिने बाजूला काढून ठेवले आहेत, शेवटी घासण्यासाठी. तसे करावयास तिला कोणी सांगितले नाही. तिने आजीला पाहिले होते.